इसामुच्या वजनाचा तांदूळ

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या ओत्सुबो मोटार मंडळाचे प्रमुख आदरणीय नागुमोसाहेब. मानाच्या खुर्चीवर बसलेले आपल्या गावचे उपनगराध्यक्ष. ज्यांच्या स्कीइंगच्या उताराखालचं पार्किंग आपण दर उन्हाळ्यात टायर घासून काळं करतो आणि तरीही ज्या आपल्याला हसून चहा पाजतात त्या उताराच्या मालकीणबाई. ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो ते सत्कारमूर्ती शिरोइवा तोकुजी, म्हणजे आपले उस्ताद. पहिल्या रांगेत बसलेल्या फुमियोवहिनी. आणि सभागृहातल्या माझ्या तमाम बंधू-भगिनींनो, सर्वांना वाकून नमस्कार.

मी नेझु. माझी ओळख करून द्यायची तशी गरज नाही. शर्यतीच्या दिवशी कर्ण्यातून जो माणूस सकाळपासून ओरडत असतो आणि ज्याला तुम्ही ‘अरे, कोणीतरी त्याच्या तोंडात भाताचा गोळा कोंबा’ म्हणता, तो मीच. आज कर्णा नाही, माइक आहे. अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय, तेही मला दिसतंय. नागुमोसाहेब, ते घड्याळ उलटं करून ठेवा. आज मी तुमचं ऐकणार नाही.

आता आत येताना दारात काय झालं ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलं. बूट काढले, सपाता पायात सरकवल्या, मान वर करतो तर समोर काय? तांदूळ मोजायचा काटा! आणि त्याच्या शेजारी स्टुलावर खुद्द सत्कारमूर्ती. “चढा.” बास, एवढंच बोलणं. हार नाही, तुरा नाही, या बसा नाही. आमच्या अध्यक्षांनी केवढी खळखळ केली! “अहो, सत्कार तुमचा आहे, वजन माझं कशाला?” तर उस्ताद म्हणाले, “सत्कार माझा आहे ना? मग माझं ऐका.” मालकीणबाईंनी पर्स खाली ठेवली, कानातलंही काढून ठेवलं, जणू त्याने काही फरक पडणार होता. हसू नका, तुम्हीही खिशातल्या किल्ल्या काढल्यात, मी बघत होतो. तर सगळे चढले. एक माणूस सोडून. त्याचं नाव मी शेवटी घेणार आहे, आणि खरं सांगायचं तर त्यासाठीच उभा राहिलोय. बाकीचं जे बोलेन ते तिथपर्यंत पोचण्यासाठी.

उपनगराध्यक्षसाहेब, तुम्ही या गावात नवे आहात. तुम्ही सुद्धा बिचारे मुकाट्याने काट्यावर चढलात. का चढवलं, ते कळायचा तुम्हाला हक्क आहे. गाववाल्यांना ही गोष्ट ठाऊक आहे, पण ती मोठ्याने अजून कोणी बोललेलं नाही. आपल्याकडे अशा गोष्टी नदीकाठी अळकुड्यांच्या रश्श्याभोवती कुजबुजतात आणि माणूस जवळ आला की हवापाण्यावर येतात. उस्ताद जवळ आले की आपण सगळे हवापाण्यावर येतो. दोन वर्षं आपण हेच करत आलोय, आणि मला आता त्याचा वीट आलाय.

तर साहेब, आमचा खेळ साधा आहे. डांबरावर नारिंगी शंकू मांडायचे आणि एकेक गाडी सोडायची. शंकूंना वळसे घालत, एकही न पाडता, जो कमी वेळात परत येईल तो जिंकला. मोठ्या इंजिनाची मिजास तिथे चालत नाही. तिथे लागतं गाडीचं नाक. स्टिअरिंग फिरवलं की नाक त्या बाजूला गेलं पाहिजे, लगेच आणि कुरकुर न करता. आणि गाडीचं नाक ताळ्यावर आणणं हेच उस्तादांनी जन्मभर केलं. दुसरे मेकॅनिक आल्या आल्या बॉनेट उघडतात. उस्ताद आल्या आल्या जमिनीवर उताणे! म्हणायचे, “इंजिनाला ओरडायला कोणीही शिकवेल. आधी पुढची चाकं नीट उभी राहू देत.”

आणि चाकं उभी करायची म्हणजे काय, हे मी त्यांच्याकडून इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही सांगेन. वळणावर गाडी कलते आणि बाहेरचं चाक नुसतं कडेवर उभं राहतं, म्हणून चाकाचं डोकं आधीच थोडं आत झुकवून ठेवायचं. तो कॅम्बर. दोन्ही चाकांचे पंजे किती बाहेर उघडायचे, तो टो. आणि ज्या कण्याभोवती चाक वळतं तो कणा, सायकलच्या पुढच्या दांड्यासारखा, किती मागे रेलवायचा, तो कॅस्टर. कॅस्टर वाढवला की चाक वळणावर चांगलं बसतं, पण स्टिअरिंग जड होतं. शिवाय उंची कमी करून गाडी खाली बसवली की चाकांना धरणारे पुढचे आर्म वर तोंड करतात आणि गाडी वळणावर कुशीवर पडते. त्यावर उस्ताद आर्म आणि चाक जोडणारे लांब मानेचे बॉल जॉइंट बसवायचे, स्वतः लेथवर कातलेले. गाडीच्या दोन्ही अंगांना मासे पकडायचा दोरा ताणायचा आणि त्या दोऱ्यापासून मापं घ्यायची. ते चालू असताना वर्कशॉपमध्ये कोणी शिंकलं तरी हाकलून द्यायचे. मला तर कितीदा हाकललंय!

पण त्यांची खरी खोड वेगळीच. रिकाम्या गाडीची मापं ते घेत नसत. “रिकामी गाडी कोण चालवतं? भूत?” माणूस उजवीकडे बसला की गाडी उजवीकडे दबते आणि सगळी मापं हलतात. म्हणून मापं घेताना सीटवर त्या माणसाच्या वजनाचा भार हवा. इतर गावांत वाळूची पोती ठेवतात. आपलं गाव पडलं तांदळाचं. उस्ताद म्हणाले, “वाळू काय नंतर खायचीय?” त्यामुळे मंडळात कोणी नवा आला की पहिल्या दिवशी त्याला तांदळाच्या काट्यावर चढवायचं आणि त्याच्या वजनाइतका तांदूळ पोत्यांत भरून, लाल दोरीने तोंड बांधून, नावाची चिठ्ठी लावून फळीवर ठेवायचा. शरद ऋतूत नवा तांदूळ आला की पोती नव्याने भरायची, आणि जुना तांदूळ शिजवून नदीकाठी सगळ्यांचं जेवण. एका वर्षी शिजायला पहिला नंबर नागुमोसाहेबांच्या पोत्यांचा लागला होता. आम्ही त्यांना दोन दिवस खाल्लं. तरी उरले.

वजन मात्र एकदाच व्हायचं, पहिल्या दिवशी. पुढे दर वर्षी पोती भरताना त्याच जुन्या वजनावर भरायची. चाळिशी उलटलेल्या माणसाला पुन्हा काट्यावर चढ म्हणायचं म्हणजे चारचौघांत त्याचं पोट काढायचं, आणि एवढी मुरवत आपण पाळतो. गाडीचं माप केसाइतकं इकडचं तिकडे झालेलं चालायचं नाही, पण माणसाचं एकदा घेतलं की झालं. तेव्हा यात काही चुकतंय असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

आता इसामुबद्दल. शिरोइवा इसामु, उस्तादांचा धाकटा भाऊ आणि वहिनींचा नवरा. आई-वडील लवकर गेले, उस्तादांनीच त्याला वाढवला. शाळेची बस चालवायचा. असा आडवातिडवा गडी, आणि शर्यतीला गाडी कोणती, तर ती चिमुकली पांढरी. तो आत बसला की गाडी एका कुशीवर मान टाकायची. फळीवर सगळ्यात मोठी रास त्याची, तीन भरगच्च पोती आणि वर एक पिशवी. त्याच्या मापाचा तांदूळ शिजला की गावजेवणच! आणि जिभेला धार अशी, की उस्तादांना उलट बोलायची हिंमत गावात त्याच्या एकट्यात होती. उस्ताद म्हणाले, “ब्रेक उशिरा मारतोस,” की हा म्हणणार, “दादा, तू लग्न उशिरा केलंस, मी काही बोललो?” आणि वर खदाखदा हसणार.

तो विभागीय अंतिम शर्यतीत दर वर्षी दुसरा यायचा. दर वर्षी! पहिला आणि तो यांच्यात एका श्वासाचं अंतर. त्या वर्षीच्या वसंतात त्याने जाहीर केलं, “यंदा गाडीचं नाही, माझं वजन उतरवतो.” बिअर सोडली, भात अर्ध्यावर आणला. आणि खरंच उतरायला लागला की हो! जूनच्या शर्यतीत आला तेव्हा गाल बसलेले होते, आणि आपण टाळ्या वाजवल्या. जुलैत आला, शर्यतीचा सूट अंगावर लोंबत होता, आपण आणखी जोरात वाजवल्या. “वा इसामु! अजून थोडा, मग बक्षीस तुझंच!” या सभागृहात असा कोण आहे ज्याने त्या टाळ्या वाजवल्या नाहीत? मी उत्तर मागत नाही. नुसतं विचारतोय.

आणि त्याच जूनपासून गाडी बिघडली. म्हणजे आपल्याला असं वाटलं की गाडी बिघडली.

“दादा, डावीकडे वळताना नाक बाहेर पळतंय.”

“डावीकडेच?”

“उजवीकडे लोण्यासारखी जाते. डावीकडे हट्टाला पेटते.”

उस्ताद उताणे झाले, उजव्या पुढच्या चाकाचं डोकं आणखी आत झुकवलं. गाडी वळायला लागली. इसामु खूश. काही आठवड्यांनी परत तेच. “दादा, परत पळतंय.” मग उस्तादांनी नवे बॉल जॉइंट कातले, मान आणखी लांब केली. पुन्हा काही दिवस बरं, पुन्हा तेच रडगाणं. आर्मच्या सांध्यातली रबरी बुशं बदलली. गाडीचा सांगाडाच पिळवटलाय की काय म्हणून कोपऱ्याकोपऱ्याला दोरे लावून तपासला. सीटवर इसामुची पोती पट्ट्याने बांधलेली असत, आणि पोत्यांच्या भाराखाली सगळी मापं बिनचूक! उस्ताद जेवायचे विसरायला लागले. शेवटचा इलाज म्हणून ऑगस्टमध्ये त्यांनी कॅस्टर वाढवला.

स्टिअरिंग जड झालं. ते हलकं करणारी यंत्रणा वजन वाचवायला केव्हाच काढून टाकलेली होती. ऑगस्टच्या शर्यतीत इसामु अर्ध्यावरच दमला, शेवटच्या डाव्या वळणावर त्याने ओळीने शंकू उडवले आणि गाडीतून उतरल्यावर हेल्मेटचा पट्टा त्याला एका झटक्यात सोडवेना. उस्ताद सगळ्यांसमोर कडाडले:

“हात ढिले पडलेत तुझे! सराव करतोस का नुसता उपाशी बसतोस?”

“हात तेच आहेत, दादा. गाडी बदललीय.”

“गाडीला मी हात लावलाय. गाडी बरोबर आहे.”

आपण सगळे वाट बघत होतो की आता हा उलट काहीतरी ठेवून देईल आणि आपण हसू. इसामु म्हणाला, “बरं.” आणि हेल्मेट उचलून गेला. मंडळी, या माणसाने जन्मात कधी दादाला ‘बरं’ म्हटलं नव्हतं. त्या एका शब्दावरून तरी कुणाला काही कळायला हवं होतं. पण तेव्हा आपल्याला काय वाटलं? वाटलं, शहाणा झाला.

सप्टेंबरच्या एका दुपारी मी वर्कशॉपमध्ये चहा पीत बसलो होतो. उस्ताद गाडीखाली होते. सीटवर पोती, पट्टा लावलेला. इसामु भिंतीशी स्टुलावर, आणि त्या उकाड्यात अंगात जाकीट. वहिनी डबा घेऊन आल्या. वहिनी, हे सांगण्याची परवानगी मी तुमच्याकडून काल घेतली आहे, तरी पुन्हा मागतो.

वहिनी दारात थांबल्या. सीटवरच्या त्या राशीकडे बघत राहिल्या. मग स्टुलावर बसलेल्या नवऱ्याकडे बघितलं. मग परत राशीकडे.

“भाऊजी, हे कोण बसवलंय?”

“कोण म्हणजे? इसामु,” गाडीखालून आवाज आला.

“हा इसामु नाही.” वहिनींनी डबा खाली ठेवला. “हा एवढा आता उरलाय कुठे? त्याच्या पँटी मी किती वेळा आत घेतल्या ते मला विचारा. विचारलं की म्हणतो, डाएट आहे. हे काढा आधी. हा माणूस नाहीये आता घरात.”

उस्ताद गाडीखालून बाहेर आले. कोपऱ्यातला काटा ओढून पुढे आणला. तो काटा तिथेच होता हो, सबंध उन्हाळाभर! इसामु आत-बाहेर करताना त्याचं कोपर त्या काट्याला लागायचं. उस्ताद म्हणाले, “चढ.”

“चारचौघांत माझं पोट काढतोस, दादा?” इसामु हसला आणि चढला.

काट्याच्या दांडीवरचं सरकतं वजन उस्तादांनी आधी जुन्या खुणेवर ठेवलं. दांडी पडून राहिली. मग ते मागे घेतलं. दांडी तशीच. आणखी मागे. उस्ताद ते बोटाने मागे मागे सरकवत होते आणि दांडी काही उचलेना. माझ्या हातातला चहा निवला. शेवटी ती उचलली तेव्हा उस्तादांनी आकडा वाचला नाही, गाडीकडे गेले, पट्टा सोडला, एक भरलेलं पोतं बाहेर काढलं आणि ते दोन्ही हातांत घेऊन उभे राहिले. वर्कशॉपमध्ये एवढी जागा पडली होती, पण ते पोतं कुठे ठेवायचं हे त्यांना सुचेना.

साहेब, तुमच्या ध्यानात आलंच असेल. उस्ताद मापं घ्यायचे तेव्हा सीटवर जुना इसामु आणि शर्यतीत नवा. तो बसला की गाडीची उजवी बाजू पुरेशी दबायचीच नाही. डाव्या वळणावर सगळा भार उजव्या पुढच्या चाकावर येतो, आणि ते चाक उस्तादांनी ठरवलेल्या जागी नसायचंच. उस्ताद दुरुस्त करायचे, तेवढ्यात हा आणखी उतरायचा. म्हणून प्रत्येक इलाज काही दिवसच टिकायचा. गाडीत काडीचाही दोष नव्हता. ती जूनपासून एकच गोष्ट सांगत होती की हा माणूस कमी होतोय.

दुसऱ्या दिवशी शहरातल्या इस्पितळात नेलं. पोटात गाठ होती. डॉक्टर म्हणाले, उन्हाळा लागतानाच आणलं असतं तर काही करता आलं असतं. उन्हाळा लागताना! म्हणजे ज्या आठवड्यात नाक पहिल्यांदा बाहेर पळालं तेव्हा.

ऑक्टोबरच्या अंतिम शर्यतीला डॉक्टर नको म्हणाले. इसामु हट्टाला पेटला, आणि वहिनी म्हणाल्या, “जाऊ दे.” उस्तादांनी गाडी पहिल्यापासून लावली. सीटवर त्या दिवसाच्या इसामुइतकाच तांदूळ. आदल्या दिवशी पुन्हा वजन केलं आणि त्यातूनही दोन ओंजळी काढल्या. कॅस्टर कमी केला. सरळ रस्त्यावर गाडी थोडी भिरभिरली तर भिरभिरू दे, पण त्या हातांना स्टिअरिंग पेललं पाहिजे. ती फेरी मी कर्ण्यावरून सांगितली आणि मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच मी मध्ये गप्प झालो. काय वळत होती ती गाडी! डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, जणू त्याने मनात आणायचा अवकाश. एकही शंकू हलला नाही. नंबर चौथा आला, कारण पायात जोर नव्हता. पण तो उतरला आणि थेट उस्तादांकडे आला.

“दादा, डावीकडे वळली.”

उस्ताद म्हणाले, “हं.”

बस्स, एवढंच. शाबास म्हणणं आपल्या उस्तादांच्या जिभेला कधी जमलंच नाही, आणि त्या दिवशीही ओठांपर्यंत आलेलं तिथेच राहिलं. मी शेजारी उभा होतो, मला दिसलं. पहिला जाड बर्फ पडला त्या आठवड्यात इसामु गेला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात उस्ताद प्रत्येक शर्यतीला काटा घेऊन यायला लागले. कोणीही येवो, आधी काट्यावर. मागच्या वेळेपेक्षा उतरलेला दिसला की त्याची गाडी सोडायचे नाहीत, “आधी डॉक्टरकडे जा, मग ये.” नागुमोसाहेब, तुमची साखर त्यातूनच कळली, हे सांगायचं नव्हतं का? माफ करा, बोलून गेलो. पण स्वतः मात्र त्यांनी पुन्हा एकाही गाडीच्या पुढच्या चाकांना हात लावला नाही. हत्यारं पुसून फळीवर ठेवली. कोणी गळ घातली की म्हणायचे, “मी चार महिने चाकं बघत बसलो, नेझु. माणूस शेजारी स्टुलावर बसला होता.” आता वर्कशॉप बंद करून ते सेंदाईला मुलीकडे निघालेत. गाव म्हणतं, वय झालं. वयाचा काय संबंध? हा माणूस स्वतःला शिक्षा करून घेतोय आणि आपण त्याला शाल आणि टाळ्या देऊन वाटेला लावतोय.

उस्ताद, वहिनी तुम्हाला दोन वर्षं एकच सांगताहेत, मी चार लोकांत पुन्हा सांगतो. त्या म्हणतात, “भाऊजी, मी त्याच्या ताटात वाढत होते. मला कळलं नाही, तर तुम्हाला गाडीखालून काय कळणार?” आणि मी म्हणतो, आपण सगळे टाळ्या वाजवत होतो. गाडीचं गाऱ्हाणं ऐकणारे निदान तुम्ही एकटे तरी होतात. तुम्ही चुकीचं ऐकलंत, हे खरं. मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही, तुम्हाला तो रुचणारही नाही. वाईट वाटायचं ते वाटणारच, तुम्हालाही आणि आम्हालाही. इसामु हवा होता. आज इथे बसून तो माझ्या प्रत्येक वाक्याला काहीतरी खोचक बोलला असता, आणि मला भाषण आवरावं लागलं असतं.

आता त्या राहिलेल्या माणसाकडे येतो. आज दारात काट्यावर कोण चढलं नाही?

मंडळी, जरा व्यासपीठाकडे बघा. उस्तादांच्या अंगातला हा निळा कोट ओळखलात? मंडळाच्या रौप्यमहोत्सवाला हाच कोट होता आणि तेव्हा त्याचं बटण लागत नव्हतं. फोटो काढताना इसामु ओरडला होता, “दादा, श्वास सोडू नकोस, बटण कोणाच्या तरी डोळ्यात जाईल!” आज त्या कोटात आणखी एक उस्ताद बसेल. मघाशी चहाबरोबर उस्तादांसमोर खाण्याची बशी ठेवली, ती तशीच्या तशी परत गेली, ती मी पाहिली. मुलगी फोनवर मला म्हणाली, “बाबा अगदी सडसडीत झालेत, बरंच झालं या वयात.” ऐकलंत ना? बरंच झालं, म्हणे! हे असलं आपण आधीही ऐकलंय.

मी मघाशी दारात त्यांना म्हटलं, “उस्ताद, तुम्ही?” तर म्हणाले, “मी कुठे गाडी चालवतो? माझं वजन कशाला हवंय?” फळीवर सगळ्या गावाची पोती होती, त्यांच्या नावाचं एकही नव्हतं. कारण त्यांना कधी कोणी विचारलंच नाही. वहिनी, दारातला काटा जरा इथे वर आणता का? त्याला चाकं आहेत, जोर लागणार नाही. नागुमोसाहेब, तुम्ही उठा आणि हात द्या, बसून काय बघताय? घड्याळ राहू द्या आता. उस्ताद, मानेने नाही म्हणू नका. उद्या सकाळी गावातल्या डॉक्टरीणबाईंकडे तुमची वेळ घेतलीय आणि सेंदाईची गाडी दुपारची आहे, वहिनी तुमच्याबरोबर जाणार आहेत. हा सगळा कट आमचा आहे. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात.

सर्वांनी माझं बोलणं इतका वेळ ऐकून घेतलं, मनापासून आभार. उपनगराध्यक्षसाहेब आणि मालकीणबाई, तुम्ही वेळ काढून आलात, तुमचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाची साखर, कुणाचं पोट, कुणाचं दुःख उघड्यावर आलं असेल, काही कमीजास्त बोललं गेलं असेल, तर पदरात घ्या. मला कर्ण्यावर ओरडायची सवय, हळू बोलायला मी शिकलोच नाही.

आला काटा. ठेवा इथे, सपाट जागी. मंडळी, एक शेवटची विनंती. दांडी कुठेही थांबो, या वेळी कोणीही टाळ्या वाजवायच्या नाहीत.

उस्ताद, चढा.